सरांची जावा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात १९८३ च्या दहावीच्या तुकडीतर्फे केलेलं भाषण)

आदरणीय गुरुजन, आणि एकमेकांना ओळखायला आता दोन-दोन मिनिटं लागणाऱ्या माझ्या मित्र-मैत्रिणींनो,

आयोजकांनी मला बजावलंय, वेळ पंधरा मिनिटं, विषय कोणताही, फक्त राजकारण नको आणि शुगर-बीपी नको. म्हणजे आपल्या वयाच्या माणसाकडे बोलायला फारसं काही उरत नाही. म्हणून मी गाडीवर बोलणार आहे. बाहेर कडुनिंबाखाली उभी आहे ती. सकाळपासून तिच्यावर बसून निम्म्या वर्गानं फोटो काढलेत आणि एकानं आरसा फिरवून भांग पाडलाय. भांग पाडण्याइतके केस उरलेत म्हणून त्याचं अभिनंदन.

ती आपल्या विज्ञानाच्या सरांची जावा. सर पहिल्या रांगेत बसलेत, त्यामुळे आधी एक कबुली देतो आणि मोकळा होतो. नववीत असताना सहामाहीच्या पेपरच्या दिवशी गाडीच्या प्लगची वायर काढून ठेवणारा मुलगा मीच. सर, तुम्ही त्या दिवशी दोन किका मारल्यात, खाली वाकलात, वायर बसवलीत आणि काही न बोलता निघून गेलात. आम्ही संडासाच्या भिंतीमागे लपून बघत होतो. दुसऱ्या दिवशी वर्गात ठिणगीवर धडा सुरू झाला आणि पहिला प्रश्न मलाच आला. तेव्हा वाटलं योगायोग. आता वाटत नाही.

ज्यांना गाड्यांतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी थोडा इतिहास. जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. यानेचेक नावाच्या कारखानदारानं १९२९ साली वाँडरर या जर्मन कंपनीचं डिझाइन घेऊन गाडी काढली. त्याच्या नावातलं 'जा' आणि वाँडररचं 'वा', झाली जावा. आपल्याकडे १९६१ पासून ती म्हैसूरला आयडियल जावा या कारखान्यात तयार व्हायला लागली. सत्तरीच्या दशकात तिचं नाव येझदी झालं आणि १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. सरांची गाडी १९६९ सालची, म्हणजे टाकीवर अजून 'जावा' लिहिलेली. २५० सीसी, टू-स्ट्रोक, सिलिंडर एकच पण सायलेन्सर दोन. हा एक आणि दोनचा हिशेब काही आपल्याला शाळेत कधी जुळला नाही. इग्निशनची चावी म्हणजे हेडलाइटच्या डोक्यावर खुपसायचा एक खिळाच. खरा खिळा घातला तरी चालायचं, हे आपल्यापैकी किमान तिघांना माहीत आहे. ते तिघंही आज इथे आहेत.

आणि तो दांडा! किकचा आणि गिअरचा दांडा एकच. आत दाबून वर फिरवला की किक, मारून झाली की पुन्हा खाली, मग तोच गिअर. आपण पोरं कोंडाळं करून ते बघायचो.

गुणोत्तर-प्रमाण मला कळलं ते या गाडीमुळे. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलातच मिसळावं लागतं. सर फळ्यावर लिहायचे, एक लिटर पेट्रोलला ४० मिलिलिटर ऑइल, तर पाच लिटरला किती? आणि ऑइल कमी पडलं तर काय होईल? कुणीतरी म्हणालं, 'गाडी रुसेल.' सर म्हणाले, 'पिस्टन चिकटेल, आणि तू मला ढकलत घरी नेशील.' २०० मिलिलिटर हे उत्तर मी आयुष्यात विसरणार नाही.

दहावीनंतर आपण पांगलो. मी आयटीआय केलं आणि पुण्यात एका कारखान्याच्या मशीन शॉपला लागलो. तीस वर्षं लोखंड कापलं. २०१९ च्या मे महिन्यात पाटणला एका लग्नाला आलो होतो, तेव्हा सरांना भेटायला गेलो. गोठ्यात गुरं नव्हती. कोपऱ्यात पोत्यांखाली काहीतरी होतं आणि त्यावर कोंबडी बसलेली. पोतं उचललं तर जावा. टाकीला बोट घालता येईल एवढं भोक. सर म्हणाले, 'भंगारवाला चार हजार देतो म्हणाला. मी म्हटलं, बघू.' मी म्हणालो, 'सर, मी करतो.' सरांनी विचारलं, 'काय करतोस?' मला वाटलं, सर विचारताहेत मी नोकरी काय करतो. मी पदनाम सांगितलं. ते हसले.

एक मात्र मी त्यांना विचारायला हवं होतं आणि विचारलं नाही. गाडी का थांबली? इंजिन जॅम झालं होतं हे मला दिसलं. पण सरांच्या अंगणात सुनेची बिनगिअरची स्कूटर होती आणि सर दूध आणायला चालत जात होते, हेही मला दिसलं होतं. व्यायाम करत असतील, असं मी गृहीत धरलं.

गाडी टेम्पोत घालून पुण्याला नेली. पहिले अकरा दिवस सिलिंडरमध्ये डिझेल ओतून नुसतं बघत बसलो. बाराव्या दिवशी लाकडी ठोकळा ठेवून हातोडी मारली तेव्हा पिस्टन केसभर हलला. रात्री अकरा वाजता मी बायकोला उठवून ते दाखवलं. तिला काय दिसलं देव जाणे, पण 'हो हो, हललं' म्हणाली.

टाकीत मूठभर नट आणि रॉकेल टाकून ती तासन्‌तास हलवली, गंज काढला, भोकाला पत्र्याचं ठिगळ लावलं. क्रँक घेऊन कोल्हापूरला उद्यमनगरात गेलो. तिथे प्रेसवर क्रँकपिन काढून नवा कनेक्टिंग रॉड बसवला आणि डायल गेज लावून दोन्ही चाकं एका रेषेत आणली. शंभर मिलिमीटरच्या तुकड्यात शंभरावा भाग शोधणं हे माझं रोजचं काम होतं, पण त्या गेजचा काटा बघताना घाम फुटला होता. सिलिंडर बोअर करून पाव मिलिमीटरनं मोठा पिस्टन घातला. क्रँकची ऑइल सीलं नवी. फोर-स्ट्रोकमध्ये सील गळलं तर जमिनीवर डाग पडतो, एवढंच. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण क्रँककेसमधूनच वर जातं. सील गेलं की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं आणि गाडी तापते. पाच-दहा वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीची सीलं बदलल्याशिवाय तिला किक मारू नका. एवढी एकच गोष्ट माझ्या भाषणातून घरी नेलीत तरी चालेल.

बाकीचे भाग नाना पेठेत फिरून मिळवले, काही ओळखीपाळखीतून. दरम्यान दीड वर्ष कोरोनात गेलं. खर्च विचारू नका, बायको समोर बसली आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. सरांनी गाडीवर आपले स्वतःचे खूप उद्योग करून ठेवले होते. हिरवा रंग, तुम्हाला आठवेल, शाळेच्या खिडक्यांना दिलेला उरलेला ऑइलपेंट. हॉर्नचं बटण डाव्या मुठीकडून काढून उजवीकडे नेलेलं, वायर टेपनं गुंडाळलेली. डिपरचा खटका थेट हेडलाइटच्या कडेला. क्लचच्या दांड्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली, डाव्या मुठीवर रबराचा जाड बोंडा. मला ते सगळं गचाळ वाटलं. जुन्या गाड्यांची आवड असणाऱ्यांचा आमचा एक गट आहे, तिथे एकच मंत्र असतो, ओरिजिनल. स्क्रूचं डोकंसुद्धा त्या सालचं हवं. मी तो मंत्र पाळला. मरून रंग, सोनेरी रेघा, टाकीच्या बाजूंना क्रोम, हॉर्न-डिपर कारखान्यानं दिले होते तसे डावीकडे. सरांचे उद्योग खताच्या एका पोत्यात भरले. बोंडा तर कचऱ्यातच गेला.

क्लचचं काम एका जाणकार मेकॅनिककडे दिलं होतं. या गाडीत एक खुबी आहे. पायानं गिअरचा दांडा हलवला की आतला एक कॅम क्लचसुद्धा सोडवतो. हातानं क्लच दाबायची गरजच नाही. पाय हळूहळू उचलला की गाडी पुढे सरकते. त्या कॅमचं अंतर एका स्क्रूनं जुळवावं लागतं. जास्त राहिलं तर पायानं क्लच सुटत नाही, फारच कमी ठेवलं तर तो कायम अर्धवट सुटलेला राहतो आणि प्लेटा जळतात. सरांच्या गाडीतला कॅम झिजून गुळगुळीत झाला होता. मेकॅनिक म्हणाला, 'साहेब, हे आता कोण वापरतं? हाताचा क्लच आहे की. सोडून द्या.' मी मान डोलावली. आमच्या ओरिजिनलवाल्यांतसुद्धा हे कुणी तपासत नाही, कारण ते फोटोत दिसत नाही.

२०२२ च्या दिवाळीत, पाडव्याच्या दिवशी, गाडी सरांच्या अंगणात उभी केली. सर बाहेर आले. चष्मा पुसला. टाकीवरून हात फिरवला. माझा घसा दाटून आला होता, हे कबूल करतो. मी किक मारून दिली, सर बसले. आणि त्यांनी चाळीस वर्षांच्या सवयीनं, क्लचला हात न लावता, पायानं पहिला गिअर टाकला.

खाडकन आवाज झाला. गाडी उडी मारून पुढे गेली आणि बंद पडली. मी मागून सीट धरली म्हणून सर पडले नाहीत, पण सायलेन्सर धुणं धुवायच्या दगडावर जाऊन आपटला. अंगणात सगळे गप्प. सरांनी हॉर्नसाठी उजवा अंगठा नेला, तिथे काही नव्हतं. मग ते शांतपणे उतरले आणि म्हणाले, 'फार सुंदर केलीस रे. शोरूममध्ये होती अगदी तशी.' थोडं थांबून म्हणाले, 'पण मी ही चालवू शकणार नाही.'

तेव्हा मी त्यांच्या डाव्या हाताकडे पाहिलं.

मित्रांनो, आपण या हाताकडे पाच वर्षं बघत होतो. लहानपणी कडबाकुट्टीत सरांची अडीच बोटं गेलेली. आपण त्यावरून सरांना काय म्हणायचो ते आज व्यासपीठावरून सांगतो, कारण हे ओझं मला एकट्याला उचलायचं नाही. उरलेली बोटं साडेसात, म्हणून 'साडेसाती'. 'साडेसाती आली' म्हटलं की वर्ग चिडीचूप. त्या हातानं सर खडू धरत नसत, डस्टर धरत. त्या हातानं परीक्षानळी धरताना ती तळहातात आडवी घेत. हे सगळं आपल्याला पाठ होतं. पण त्याच हातानं क्लच कसा दाबत असतील, हा प्रश्न आपल्या चाळीस जणांपैकी एकालाही पडला नाही. मला तर गाडीचा प्रत्येक नट हातात घेऊनही पडला नाही. हॉर्न उजवीकडे का, ट्यूब कशाला, बोंडा कशाला, याचं उत्तर माझ्यासमोर होतं आणि मी ते पोत्यात भरलं.

त्या दिवशी चहा पिताना सरांनी सांगितलं. नोकरीला लागल्यावर गावोगावी जायला गाडी हवी होती. बुलेट बघितली, क्लच दाबता येईना. दुसऱ्या एक-दोन बघितल्या, तेच. मग कुणीतरी सांगितलं की म्हैसूरची एक गाडी आहे, तिचा क्लच पायानं सुटतो. 'जावा मला आवडली म्हणून घेतली नाही,' सर म्हणाले. 'तिला मी चाललो, म्हणून घेतली. आवडायला लागली नंतर.' आणि सुनेची स्कूटर? बिनगिअरची, क्लच नाही, सोपी. पण तिचा मागचा ब्रेक डाव्या हातात असतो. जावाचा ब्रेक उजव्या पायात. म्हणून जावा बंद पडल्यापासून सर दुधाला चालत जात होते.

मी गाडी परत पुण्याला नेली. या वेळी कुणाकडे दिली नाही. झिजलेल्या कॅमवर वेल्डिंगचा भर चढवला, कानस आणि पॉलिश पेपर घेऊन आकार दिला. तीनदा चुकलो. चौथ्यांदा जमलं असं वाटलं, तेव्हा डाव्या हाताची अडीच बोटं चिकटपट्टीनं तळहाताला बांधली आणि घरामागच्या मोकळ्या मैदानात गाडी चालवली. पहिल्या फेरीत कळलं की मुठीवर जाड बोंडा का होता. नुसती बारीक मूठ अंगठा आणि करंगळीत धरली की खड्ड्यात हँडल हातातून निसटतं. मग तसा बोंडा शोधत फिरलो, मिळाला नाही, ट्रॅक्टरच्या मुठीचं रबर कापून बसवला. हॉर्न उजवीकडे गेला. डिपर हेडलाइटच्या कडेला गेला. क्रोमच्या हेडलाइटला भोक पाडताना आमच्या गटातल्या एकानं डोळे मिटून घेतले होते.

मग मी म्हटलं, ओरिजिनल मोडलंच आहे तर थोडं आणखी मोडू. सहा व्होल्टच्या डायनॅमोवर हेडलाइट म्हणजे समईच. तो काढून बारा व्होल्टचं चार्जिंग आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. मला भीती होती की सर नाराज होतील. सर म्हणाले, 'विज्ञानाच्या मास्तरला विचारतोस? रात्री रस्ता दिसला पाहिजे.' फक्त जुना पॉइंटचा सेट त्यांनी मागून घेतला. शाळेत असताना तो ०.४ मिलिमीटरला लावायला ते प्रयोगशाळेतला स्क्रू गेज घेऊन बसायचे, आठवतं? ब्रेकला नवे लायनर, पेट्रोलचे पाइप आणि वॉशर इथेनॉलला टिकतील असे, कारण आताच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलानं जुनं रबर फुगतं आणि इथेनॉल पाणीही ओढून घेतं. टाकी अर्धी ठेवून गाडी महिनाभर उभी करू नका.

कागदपत्रांची कथा लांबलचक आहे, थोडक्यात सांगतो. २०२१ मध्ये केंद्रानं पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचा नियम केला. वेगळी नंबरप्लेट मिळते, मान मिळतो. पण मग गाडी मूळ स्वरूपात हवी, आणि ती प्रदर्शनाला, रॅलीला न्यायची, रोज वापरायची नाही. मी क्षणभर मोहात पडलो होतो. सरांनी विचारलं, 'मग दूध आणता येईल का?' आम्ही साधं नूतनीकरण केलं, हरित कर भरला, गाडी तपासणीला नेली, चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली. एका खिडकीवरच्या माणसानं मला तीन वेळा परत पाठवलं, चौथ्यांदा त्यानंच विचारलं, 'काका, किक मारून दाखवता का?' आधीच विचारलं असतं तर तीन खेपा वाचल्या असत्या. गाडी अजून सरांच्याच नावावर आहे. नंबर जुनाच, एमएच यायच्या आधीचा.

गेल्या वर्षी पावसाळा संपल्यावर मी ती पाटणहून कोयनानगर, हेळवाक करत कुंभार्ली घाटानं चिपळूणला नेऊन आणली. निघताना सर म्हणाले, 'घाट उतरताना ॲक्सिलरेटर बंद करून बसू नकोस. मधूनमधून थोडा दे.' मी मशीन शॉपमध्ये तीस वर्षं काढली, पण हे ध्यानात आलं नव्हतं. ऑइल पेट्रोलातून येतं. उतारावर ॲक्सिलरेटर बंद म्हणजे पेट्रोल नाही, पेट्रोल नाही म्हणजे ऑइल नाही, आणि चाकं तर इंजिनाला फिरवतच आहेत. उपाशीपोटी पळायला लावल्यासारखं. घाटात प्रत्येक वळणानंतर मी तिला एक घास भरवत उतरलो. पोफळीला पोचलो तेव्हा सिलिंडरवर पाण्याचा थेंब टाकून बघितला, नुसता चुर्र झाला. चढ येताना ती तिसऱ्यात अशी काही आली की पुढचा ट्रकवाला आरशात बघून हात करून गेला.

एक गोष्ट राहिली. हिरवा रंग. तो मी परत दिला नाही, मरूनच ठेवलाय. सरांना विचारलं होतं. ते म्हणाले, 'हिरवा मला कधीच आवडला नव्हता, फुकट मिळाला म्हणून लावला.' मागच्या कॅरिअरला मात्र जुना हिरवा तसाच आहे, बघा जाऊन. ज्यावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बांधला जायचा तो कॅरिअर. त्यावर माझे गणितात पडलेले एकोणीस मार्कसुद्धा घरी गेलेले आहेत.

आता सर त्र्याऐंशीचे आहेत. डॉक्टरांनी आणि सूनबाईंनी मैदानाची परवानगी दिली आहे, रस्त्याची नाही. दुधाला आठवड्यातून दोनदा त्यांचा नातू गाडी चालवतो, सर मागे बसतात आणि गिअरच्या चुका सांगतात. आज मात्र मैदान आपलं आहे.

सर उठलेत, म्हणजे माझी वेळ संपली. मैदानावर पोरं खेळताहेत, त्यांना कुणीतरी कडेला घ्या. पेट्रोलचा नळ मी उघडून ठेवलाय, सर. आणि प्लगची वायर जागेवर आहे, आत्ताच बघून आलोय.